काचेचं बूच

रबाळे एमआयडीसीतल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये होते तेव्हाची गोष्ट. खत आणि पशुखाद्याची सॅंपलं यायची, त्यामुळे केल्डाल (नायट्रोजन मोजायची टेस्ट) दिवसभर चालूच, म्हणजे सॅंपल तीव्र सल्फ्युरिक ॲसिडमध्ये उकळायचं आणि थंड झालं की ४० टक्के कॉस्टिक सोडा घालून अमोनिया काढायचा. सल्फ्युरिकला सगळे टरकून असायचे, कॉस्टिकला कोणी भीक घालत नव्हतं, नावात सोडा आहे ना.

आमच्या ट्रेनी पोराने आदल्या दिवशी कॉस्टिक बनवून काचेच्या बुचाच्या बाटलीत भरून ठेवलं. कॉस्टिक काच खातं, बूच जाम होतं, प्लास्टिकची बाटली घ्यायची, हे त्याला सांगायचं काम माझं होतं, राहून गेलं. सकाळी बूच निघेना म्हणून पठ्ठ्याने गॉगल कपाळावर चढवला (वाफ धरते म्हणे) आणि स्पॅच्युलाने ठोकायला लागला. काडकन आवाज, आणि मग "मॅडम, डोळा!"

आयवॉशसमोर, म्हणजे डोळे धुवायच्या फवाऱ्यासमोर, खोक्यांची थप्पी. ती ढकलून दाबलं तर तांबडं गंजाचं पाणी. दर आठवड्याला पाणी सोडून बघायचं असतं, रजिस्टरमध्ये सह्या होत्या, त्यातल्या बऱ्याच माझ्याच.

शेवटी सिंकच्या नळाला रबरी नळी होती तिच्याखाली त्याचं डोकं धरलं, धार बारीक केली आणि पापण्या बोटांनी ताणून उघड्या ठेवल्या. आमच्या लॅबचे शिपाई मामा धावत आले, "ॲसिटिक ॲसिड आणू का पातळ करून?" मी जवळजवळ किंचाळलेच, मामा काही नको, फक्त पाणी. पाच मिनिटांत पोरगा म्हणतो मॅडम बरं वाटतंय, सोडा आता. नाही सोडलं. अल्कली चरबीचा साबण करत आत शिरत राहते, वरून बरं वाटण्याला काही अर्थ नसतो. वीस मिनिटं घड्याळ बघून धरला, मान अवघडली त्याची, रडत होता.

ऐरोलीला नेताना रिक्षातही वॉश बॉटलने धार चालूच, रिक्षावाल्याची सीट भिजली, तो काही बोलला नाही. डॉक्टरांनी आधी काय केलं तर खालच्या पापणीच्या आत पीएच पेपर लावला, आमच्याकडचा असतो तसलाच. निळा! म्हणजे अल्कली अजून आहेच, एवढं धुऊनसुद्धा. मग सलाईनच्या बाटल्या लावून पुन्हा धुणं, पेपर, पुन्हा धुणं, पेपरला साध्या पाण्यात येतो तसा रंग येईपर्यंत.

डोळा वाचला, काही आठवडे धूसर दिसायचं त्याला.

संध्याकाळी लॅबमध्ये परत आले तर मामांनी फरशी साफ करून काचा ट्रेमध्ये गोळा केलेल्या. बाटलीची मान तुटून वेगळी पडली होती आणि बूच तिच्यात तसंच घट्ट बसलेलं.