तुम्ही विचारलंत म्हणून: उजेड गोठतो तो कसा?

गणपतीला वडगावच्या घरी आलो की हा प्रश्न ठरलेला. शेजारच्या काकू मोदकांचं ताट पुढं सरकवत म्हणतात, "उजेड गोठवतोस म्हणे की रे? मग बाहेर काढला की वितळतो काय?" चूक माझीच आहे. पहिल्या वर्षी 'कंडेन्सेशन'चं मराठी करताना मीच 'गोठणं' म्हणून बसलो. तेव्हा प्रयोगशाळेत मी नक्की काय करतो ते आता एकदा नीट लिहितो.

पहिली गोष्ट, तो नुसता उजेड नसतो. गॅलियम आर्सेनाइड नावाच्या अर्धवाहकाचा नखाएवढा तुकडा घ्यायचा, त्याच्या आत खाली-वर पातळ थरांचे आरसे. मध्ये कोंडलेल्या प्रकाशाला पदार्थ गिळतो, ओकतो, परत गिळतो. गिळला की इलेक्ट्रॉन वर उठतो आणि त्याच्या रिकाम्या जागेशी जोडी करून राहतो. हा खेळ इतका झटपट चालतो की प्रकाश कुठं संपला आणि जोडी कुठं सुरू झाली हे वेगळं काढता येत नाही. त्या मिश्रणाला पोलॅरिटॉन म्हणतात. वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या साधारण दहा हजाराव्या भागाएवढं किंवा त्याहून कमी. आयुष्य? सेकंदाचे 1 लाख कोटी तुकडे करा, त्यातले मोजके.

आणि गोठणं म्हणजे थिजणं नव्हे, सगळ्यांनी एकाच तालावर येणं. सत्येंद्रनाथ बोसांनी 1924 साली ढाक्याहून आइन्स्टाइनना पाठवलेल्या हिशेबातून ही कल्पना निघाली. अणूंवर ती साधायला 1995 उजाडलं, आणि थंडी लागली केल्विनच्या, म्हणजे थंडीच्या अगदी शेवटच्या टोकापासून मोजलेल्या अंशाच्या, एक कोट्यंश भागाजवळची. पोलॅरिटॉन हलके, म्हणून 2006 मध्ये त्यांचं 19 केल्विनच्या आसपास जमलं. उणे 254 अंश सेल्सिअस. आमच्या धंद्यात याला ऊबच म्हणतात.

माझं काम याच्या पुढचं. त्या तुकड्यावर ठरावीक अंतरानं धातूच्या बारीक पट्ट्या ओढायच्या. पट्टीखाली प्रकाशाची ऊर्जा किंचित वाढते, म्हणून पोलॅरिटॉन दोन पट्ट्यांमधल्या सरीत जमतात. शेजारच्या सरीशी संबंध मात्र तुटत नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या यामामोतोंच्या गटानं 2007 मध्ये हे केलं, पट्ट्यांचं अंतर 2.8 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे 2.8 हजारांश. त्यांना दोन चाली दिसल्या. एकीत सगळ्या सरींतल्या लाटा एकदम वर, एकदम खाली. दुसरीत शेजारी बरोब्बर उलटा: ही वर तर ती खाली.

ही दुसरी चाल वडगावात कुणाला शिकवायला नको. साध्या विणीत ताण्याचा एकाआड एक धागा उचलतो, उरलेले खाली जातात, मधनं धोटा पळतो. बाबांच्या मागावर लहानपणी हेच बघत बसायचो.

तरी पहिल्यांदा समोर आलं तेव्हा ओळखलं नाही. हा प्रकाश डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही, कॅमेऱ्यावर बघावा लागतो. कुठल्या कोनातनं किती बाहेर पडतो ते बघत होतो. मधोमध ठिपका हवा होता. तिथं काळोख, आणि दोन बाजूंना दोन ठिपके. भिंग सरकलं म्हणून दोन तास स्क्रू पिळत बसलो. भिंग जागच्या जागी होतं. शेजारी-शेजारी उलट्या तालात असले की सरळ समोर एकमेकांना खोडतात आणि प्रकाश तिरका निघतो.

"उपयोग काय?" हा काकूंचा पुढचा प्रश्न. कमी शक्तीवर चालणारे लेझर, म्हणून सांगतो. खरं तर मला तो काळा मधला भागच बघायचा असतो.

बाबांनी यंदा वेगळंच विचारलं. चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "आणि मध्येच एक धागा तुटला तर?" पट्टी तुटलेली असली तर तिथं ऊर्जेचा खड्डा होतो, पोलॅरिटॉन त्यात अडकून बसतात, वीण तेवढ्यापुरती बिघडते, असं सांगितलं. "मग माग थांबवून सांधायचा," बाबा म्हणाले. आम्हाला ती सोय नाही, नवा तुकडाच करावा लागतो.