पडवीत आल्यावरच गाडी का घसरू लागली

गणपतीसाठी कुडाळजवळच्या आमच्या घरी आलेल्या भाच्याने सोबत लेगोच्या, म्हणजे प्लास्टिकच्या विटांच्या खेळण्यातली मोटरची आगगाडी आणली होती. पहिले दोन दिवस ती माजघरात बिनतक्रार फिरली. तिसऱ्या दिवशी तिथे मखर उभे राहिल्यामुळे रुळांचे बस्तान पडवीत हलवावे लागले आणि तेव्हापासून गाडी दर दोनतीन फेऱ्यांनी रूळ सोडू लागली. घरातल्या प्रत्येकाने “गाडी हळू चालव” एवढाच सल्ला दिला. तो चुकीचा नव्हता, पण वेगाला दोष देऊन मोकळे झाले की खरे कारण तसेच राहते, आणि गाडी अशी गोगलगाईच्या चालीने फिरवायची तर मोटर तरी कशाला हवी?

मुळात या खेळण्याची वळणे फार कडक असतात. लेगोच्या नेहमीच्या वळणाची त्रिज्या 40 स्टड (विटेवरचे गोल उंचवटे), म्हणजे 320 मिलिमीटर असते आणि तसे 16 तुकडे जोडले की पूर्ण वर्तुळ होते. दोन रुळांमधले अंतर सुमारे साडेसदतीस मिलिमीटर भरते. आपल्या ब्रॉडगेजचे 1676 मिलिमीटर अंतर त्याच्याशी ताडून पाहिले, तर हे खेळणे खऱ्या रेल्वेच्या साधारण पंचेचाळिसाव्या हिश्श्याचे ठरते. कोकण रेल्वे आखताना वळणाची त्रिज्या 1250 मीटरपेक्षा कमी होऊ द्यायची नाही असे ठरले होते. त्याच मापाचे वळण खेळण्यात आणायचे म्हटले तर त्रिज्या जवळजवळ 28 मीटर होईल, आणि तेवढ्या वळणाला आमचे घरापुढचे खळे काय, शेजाऱ्यांची वाडीसुद्धा पुरणार नाही. म्हणजे गाडी मुळातच काठावर चालत असते. तिला पाडायला एखादे किरकोळ कारण पुरते.

ते कारण शोधण्यासाठी मी भाच्याला एकच काम दिले. गाडी पडली की तिला लगेच हात लावायचा नाही. आधी कोणता डबा पडला, तो वळणाच्या आत पडला की बाहेर, हे पाहायचे आणि त्या जागी लादीवर खडूने फुली मारायची. संध्याकाळपर्यंत पंधरा फुल्या झाल्या आणि त्यांचे सरळ दोन गट पडले. नऊ वेळा इंजिन बाहेरच्या बाजूला कलंडले होते, तेही वळण संपता संपता, खळ्याच्या अंगाला. उरलेल्या सहा वेळा मात्र मधला रिकामा डबा वळणाच्या आत ओढला गेला होता. एकच गाडी दोन उलट दिशांना पडत असेल, तर कारणेही दोन असणार हे उघड होते.

बाहेर पडण्याचा उलगडा पाणसळीने झाला. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून पडवीची जमीन खळ्याकडे उतरती ठेवलेली असते. आमच्याकडे तो उतार मीटरला सुमारे दीड सेंटिमीटर भरला. खऱ्या रेल्वेत वळणावर बाहेरचा रूळ मुद्दाम उंच ठेवतात. आमच्या पडवीत भिंतीकडच्या भागात तो आपोआप उंच होत होता आणि खळ्याच्या बाजूला मात्र बाहेरचाच रूळ खाली जात होता. त्यात भिंतीकडून खळ्याकडे येताना गाडीला उतार मिळून वेग वाढे. वेग दुप्पट झाला की बाहेर ढकलणारा जोर चौपट होतो, त्यामुळे ही थोडीशी वाढही भारी पडत होती. खात्री करण्यासाठी गाडी उलट्या दिशेने सोडली, तर ती समोरच्या टोकाच्या वळणावर, पुन्हा खळ्याच्याच अंगाला घसरली.

यात माझाही वाटा होता. कळ छतावरून दाबता यावी म्हणून आधल्या रात्री मी इंजिनाची फेररचना केली होती आणि बॅटरीचा डबा वर चढवला होता. सहा ट्रिपल-ए सेलचे वजन छपराशी गेल्यावर इंजिन डोलणार नाही तर काय होईल? तो डबा खाली बसवला आणि खळ्याकडच्या वळणांवर बाहेरच्या रुळाखाली जुन्या जोडातले तीन तीन पत्ते सरकवले. गणपतीच्या दिवसांत आमच्या घरात पत्त्यांना तोटा नसतो.

आत पडणाऱ्या डब्याचे प्रकरण अधिक मजेचे निघाले. फोन लादीवर आडवा ठेवून संथ गतीत चित्रण केले, तेव्हा दिसले की मधल्या डब्याची बाहेरच्या रुळावरची चाके आधी उचलली जातात आणि मग तो आत झुकतो. पुढून इंजिन ओढते, मागचे डबे अडून बसतात आणि ताणलेल्या दोरीप्रमाणे साऱ्या गाडीला वळणाची जीवा गाठायची असते; मध्ये जो हलका असेल तो ओढला जातो. शेवटच्या डब्यात भाच्याने मूठभर काजूबिया भरल्या होत्या. त्याच डब्याच्या एका आसावर लांब केसाचा गुंडाळा बसला होता आणि त्यावर तांबडी माती पावसाळी हवेने चिकटली होती. बोटाने फिरवल्यावर बाकीची चाके चारपाच गिरक्या घेत; हे चाक अर्ध्यातच थांबे. चिमट्याने केस काढला. आईने दोन थेंब खोबरेल तेल घालायला सुचवले होते, पण तेलावर पडवीतली धूळ बसून त्याचा चिखलच झाला असता, म्हणून आस कोरड्या फडक्याने पुसले. काजूबियांचा डबा इंजिनाला लागून जोडला आणि रिकामा सर्वांत मागे नेला. त्यानंतर आत पडणे थांबले.

वेगाची मर्यादाही शेवटी ठरवलीच. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदलते आणि गाड्या हळू धावतात, हे भाच्याला माहीत होते. “मामा, आपणही पावसाळी वेळापत्रक लावू या,” असे म्हणून त्याने रिमोटवर पूर्ण वेग निषिद्ध केला.

विसर्जनानंतर रूळ पुन्हा माजघरात नेले. पत्ते घसरू नयेत म्हणून मी ते चिकटपट्टीने रुळांनाच चिकटवले होते, हे मी साफ विसरलो. इंजिनामागेच रिकामा डबा जोडून गाडी सुरू केली आणि दुसऱ्याच फेरीत तो आतल्या बाजूला पडला. भाच्याने खडू घेतला, फुली मारली आणि रूळ उलटा करून चौकटची राणी माझ्या हातात ठेवली.