गच्चीवरचे आलू : यंदाच्या हिवाळ्याची नोंद

टोपलीतल्या आलूला कोंब फुटतात ते बहुतेक उन्हाळ्यात नाहीतर पावसाळ्यात, आणि आपला हात लगेच कुंडीकडे वळतो. नागपुरात त्या दिवसांत लावलेल्या आलूचा पाला मस्त वाढतो, पण खाली काही धरत नाही. आलू पोसायला गार रात्री लागतात. रात्रीचा पारा वीसच्या खाली उतरला की गाठी धरायला लागतात. पारा तीसच्या वर राहिला तर पाल्याने दिवसभर केलेली कमाई झाड स्वतःच खर्चून टाकतं, खाली साठवायला काही उरत नाही. आपल्याकडे ही संधी दिवाळीच्या आसपास उघडते आणि फेब्रुवारीच्या मध्याला मिटते. डिसेंबरात दिवसही जेमतेम अकरा तासांचा असतो, तोही कामाचा. आलू मूळचा अँडीज पर्वतातला, लहान दिवसांत गाठी धरण्याची सवय तिथली.

थंडीची भीती नको. २९ डिसेंबर २०१८ला नागपुरात ३.५ अंशांपर्यंत पारा उतरला होता, तेवढं आलूला चालतं. त्याचा पाला करपतो तो गोठणबिंदूच्या खाली. आपला खरा वैरी ऊन आहे. ज्या गावाने २३ मे २०१३ला ४७.९ अंश पाहिले, तिथे उन्हाळ्यात आलू लावायचा विचार सोडलेलाच बरा.

म्हणून यंदा सगळी तयारी ऑक्टोबरात केली. त्या सुमारास कॉटन मार्केटमध्ये, म्हणजे आपल्या नागपूरच्या भाजीबाजारात, जुना आलू असतो, म्हणजे कोल्ड स्टोरेजमधून निघालेला. हा तळला की लवकर लाल होतो आणि भाजी गोडसर लागते, कारण दोन ते चार अंशांत महिनोन्महिने पडून राहिल्यावर स्टार्चची साखर होते. खायला तो मला आवडत नाही, लावायला मात्र त्याच्यासारखा दुसरा नाही. त्याची झोप पूर्ण झालेली असते, उबेत आणला की आठ-पंधरा दिवसांत डोळे हलतात. अंगठ्याने चोळताच साल सुटतं तो नवा आलू. तो घेऊन आलात तर दोन-अडीच महिने तो ढिम्म हलणार नाही, आणि तोवर हिवाळा संपलेला असेल.

दुकानदाराला म्हटलं, “भाऊ, फुटलेलेच द्या, अन् लहान लहान पाहून द्या.” तो म्हणाला, “लोकं चांगले निवडून नेते जी, तुम्हाले सडके कशाले पाहिजे?” भावात मात्र एक रुपया सोडला नाही.

काही आलू महिना ठेवूनही फुटत नाहीत. काही कोल्ड स्टोरेजमध्ये कोंब दाबायला सीआयपीसी नावाच्या रसायनाचा धूर देतात, त्याचा असर राहतो. म्हणून एकाच दुकानातून सगळे घेण्यापेक्षा दोन-तीन ठिकाणांहून पाव-पाव किलो घेतलेले बरे. जे फुटतील ते बियाणं, बाकीचे भाजीत.

घरी आणून अंड्यांच्या ट्रेमध्ये उभे मांडले, जास्त डोळ्यांची बाजू वर, आणि ट्रे खिडकीत ठेवला, थेट ऊन लागणार नाही असा. अंधाऱ्या डब्यात कोंब लांब, पांढरे, ठिसूळ होतात आणि लावताना मोडतात. उजेडातला कोंब बोटाच्या पेरापेक्षा वाढत नाही; जाड, जांभळट, अंगावर बारीक लव, आणि बुडाशी बारक्या फुगवट्यांची एक रांग. या फुगवट्या म्हणजे येणारी मुळं. त्या दिसल्या की लावायला घ्यायचं.

आता मुख्य प्रयोगाकडे. आलूच्या सालीपासून आलू, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. मी यंदा तिन्ही प्रकार शेजारी शेजारी लावले : डोळ्यासकट जाड साली, कापलेले तुकडे आणि अख्खे लहान आलू. सोलाण्याने काढलेली पातळ साल तर मातीत वाळूनच गेली. चाकूने बोटभर गर ठेवून काढलेल्या सालींपैकी निम्म्याच उगवल्या, त्याही उशिरा, एकेक बारीक काडी घेऊन. तुकड्यांतून दोन-दोन, तीन-तीन दणकट फांद्या आल्या. सगळ्यांत पुढे अख्खे लहान आलू, साधारण अंड्याएवढे. कारण सरळ आहे. पानं बाहेर येऊन कामाला लागेपर्यंत कोंबाला खायला तो गरच असतो. शेतकरी उगाच तीस ते पन्नास ग्रॅमचा तुकडा धरत नाहीत. सालीवर डोळे कितीही असोत, पोटात शिदोरी नसेल तर ते डोळे काय करणार.

कापायचा तर उभा कापा, आडवा नाही. टोकाकडचा डोळा दांडगा असतो, आधी फुटतो आणि बाकीच्यांना दाबून धरतो. उभ्या कापात त्या टोकाचा वाटा दोन्ही भागांना मिळतो. कापल्यावर सावलीत दिवस-दोन दिवस पसरून ठेवले की कापलेल्या जागी चामड्यासारखी पापडी धरते आणि सड आत शिरत नाही. राख चोळायचा सल्ला सगळे देतात, मी नाही चोळली. राख अल्कधर्मी आणि आपली काळी मातीही अल्कधर्मीच. सालीवर खरबरीत खपल्या पाडणाऱ्या जिवाणूला अशीच माती मानवते.

काळ्या मातीचंच पुढे सांगायचं तर ती आलूला सोसत नाही. ओली असताना चिकटते, वाळली की भेगा पडतात, आणि आलू आतल्या आत वाकडेतिकडे होतात. देशभरच्या मातीचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आपल्याच अमरावती रोडवर आहे, तरी गच्चीवाल्यांचा पहिला प्रश्न “माती कोणती घ्यायची?” हाच. माझं उत्तर : काळी माती मूठभरही नको. घरचं कंपोस्ट (हिवाळ्यात त्यात अर्ध्या संत्र्याच्या सालीच असतात, काही बिघडत नाही), कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कन्हान नदीची रेती. वांगी-टमाट्यांची जुनी माती घेऊ नका, ती झाडं आलूच्याच कुळातली, त्यांचे रोग याला लागतात.

ग्रो बॅगा होत्याच, शिवाय तांदळाच्या रिकाम्या चुंगड्या (पोती) खालून भोकं पाडून वापरल्या. कडा दुमडून तिसऱ्या हिश्शापर्यंत भरायची, तीन-चार इंच खोल आलू ठेवायचा, आणि रोप वीतभर झालं की निम्मं बुडेल इतकी मातीची भर द्यायची.

इथे एक गैरसमज. चुंगडी जितकी उंच भरत जाल तितके मजल्यामजल्यांवर आलू लागतात असं व्हिडिओंमध्ये दाखवतात. आपल्या बाजारात येणारे ज्योती, पुखराज, चंद्रमुखी यांसारखे वाण बियाण्याच्या जवळपास एकाच थरात धरतात, वर नुसती माती. मग भर कशाला? तर उजेडापासून झाकायला. आलूला ऊन लागलं की तो हिरवा पडतो आणि सोबत सोलॅनिनसारखी विषारी द्रव्यं वाढतात. तेवढ्यासाठी दोनदा भर पुरते.

डिसेंबर बरा गेला. मावा (पानांचा रस शोषणारे बारीक किडे) आला, पाण्याच्या फवाऱ्याने आणि कडुनिंबाच्या तेलाने आवरला. आयर्लंडमध्ये १८४५पासून दुष्काळ पाडणारा उशिराचा करपा आपल्या कोरड्या हिवाळ्यात सहसा येत नाही. ढगाळ आणि पावसाळी आठवडा लागला तरच लक्ष ठेवा. एका रोपाची खालची पानं कडक होऊन वर वळली, हात लावला की खडखड वाजत. हा विषाणू. असं रोप माव्याच्या तोंडून शेजाऱ्याला प्रसाद देतं, म्हणून तडक उपटून टाकलं. बाजारातल्या आलूतून हे विषाणू येतातच, त्यामुळे आपल्याच पिकाचं बियाणं वर्षानुवर्षं धरू नये.

संक्रांतीनंतर एका चुंगडीचा पाला पिवळा पडला, ती ताडपत्रीवर पालथी केली. पांढऱ्या दोऱ्यांच्या टोकांना आलू लटकलेले : चार-पाच मुठीएवढे, बरेच लिंबाएवढे, आणि वाटाण्याएवढे कितीतरी. मधोमध मूळचा आलू, नुसतं साल, आत आंबूस पाणी. सगळं मिळून किलोच्या थोडं खाली भरलं. दोन हिरवे फेकले. आई म्हणाली, “एवढ्यात तर कळमन्याच्या बाजारातून आलूची बोरी आली असती रे.” तरी संध्याकाळी सालीसकट उकडून, फोडणीत परतून, वर सांबार (कोथिंबीर) भुरभुरून तिनेच पहिला घास घेतला आणि उरलेल्या लिंबाएवढ्यांवर आपला हक्क सांगितला.

बाकीच्यांचं पाणी आता कमी करतोय. पाला वाळला की कापून टाकायचा आणि आलू दहा-पंधरा दिवस मातीतच ठेवायचे, म्हणजे साल पक्कं होतं आणि टिकतात. अंगठ्याने साल सुटलं नाही की काढायचे. फेब्रुवारीचं ऊन चढायच्या आत सगळं उरकेल. सालीवाली बॅग सगळ्यांत शेवटी उघडेन, तिचा आकडा वेगळा लिहीन, फार आशा नाही.

पुढच्या ऑक्टोबरात या बाजारी आलूंच्या शेजारी एक बॅग प्रमाणित बियाण्याची लावायची आहे. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचे दोन वाण मनात आहेत : पठारी भागासाठी काढलेला, लवकर येणारा कुफ्री लवकर, आणि उष्णता सोसणारा कुफ्री सूर्या. पण बियाणं विकणारे गोणीखाली बोलत नाहीत. नागपुरात कोणी पाच किलो मागवणार असेल तर किलोभर माझं धरा.