रातकिड्यांचा बँड
काल रात्री परत बडी हॉली (१९५० च्या दशकातला अमेरिकन रॉक-अँड-रोल गायक) लावला आणि झोपेचं खोबरं झालं. त्याच्या बँडचं नाव द क्रिकेट्स, म्हणजे आपले रातकिडे हो, बॅट-बॉलचा काही संबंध नाही! टेक्सासमधल्या लबकची ही पोरं, १९५७ च्या फेब्रुवारीत शेजारच्या न्यू मेक्सिकोत क्लोव्हिसला जाऊन 'दॅटल बी द डे' रेकॉर्ड केलं आणि सप्टेंबरात ते अमेरिकेत एक नंबरला. दोन गिटार, बास, ड्रम्स, गाणी बरीचशी स्वतःचीच... आज हे नॉर्मल वाटतं पण तेव्हा नव्हतं ना. मला सगळ्यात भारी वाटतं ते 'एव्हरीडे', त्यात जेरी ॲलिसन ड्रम वाजवतच नाही, चक्क मांड्यांवर थापा मारतोय, हेडफोन लावून ऐकाच. पुढे बीटल्स झालेल्या लेनन-मॅकार्टनी आणि त्यांच्या साथीदारांनी १९५८ मध्ये पहिलं रेकॉर्डिंग केलं त्यातही 'दॅटल बी द डे' होतंच, आणि बीटल्स हे किड्याचं नावही क्रिकेट्सवरूनच सुचलं. रोलिंग स्टोन्स या बँडने १९६४ ला बडीचं 'नॉट फेड अवे' उचललं. बडी तोवर नव्हताच, ३ फेब्रुवारी १९५९ ला आयोवात विमान पडलं, वय २२. बावीस! त्या वयात माझे केटी सुटत नव्हते.