टाकीतला साबण

सोमवारी सकाळी गेटवरच वॉचमन म्हणाला, "मॅडम, तुमची टाकी उतू चाललीय."

पुण्याजवळच्या एमआयडीसीतल्या एका फरसाण कारखान्याचा ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, तेव्हा माझ्याकडे होता. तिथली सगळी डोकेदुखी पामतेलाची. तळणीचं तेल एरेशन टँकमध्ये, म्हणजे हवा सोडायच्या टाकीत, उतरलं की जिवाणूंच्या गाळाला चिकटतं, त्याला हवा मिळत नाही आणि गाळ तळाशी बसायचं सोडून तरंगायला लागतो. म्हणून त्या टाकीच्या अलीकडे एका लहान टाकीत आम्ही यीस्ट सोडलं होतं. पावाचं नव्हे, यारोविया लिपोलिटिका. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या (एनसीएल) सूक्ष्मजीव संग्रहात त्याचा 3589 क्रमांकाचा वाण आहे, मूळचा मुंबईच्या समुद्रातला. पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याला पामतेल गिरणीचं सांडपाणी दिलं होतं, सीओडी, म्हणजे घाण मोडायला लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप, लिटरला सुमारे अडीच लाख मिलिग्रॅम. दोन दिवसांत त्यातला 95 टक्के उतरला. 2002 सालचा तो शोधनिबंध वाचूनच मला हे करायची हिंमत झाली. हे यीस्ट लायपेज नावाचं विकर सोडून तेल फोडतं आणि सुटलेली फॅटी ॲसिडं खातं. त्याला आंबट पाणी मानवतं, म्हणून पीएच साडेपाचच्या आसपास ठेवायचा. तिथे बरेचसे जिवाणू मागे पडतात.

तर टाकीच्या कडेवरून पांढरा फेस पायऱ्यांवर आला होता. ऑपरेटर मामा पाइपने पाणी मारत होते, त्याने फेस आणखीच वाढत होता. थेंबभर पाणी मायक्रोस्कोपखाली घेतलं आणि पोटात गोळाच आला. शुक्रवारी जिथे लंबगोल पेशी होत्या तिथे नुसते लांबच लांब धागे. मामांनी डोकावून बघितलं. "शेवया झाल्या की ताई!"

मला वाटलं, बुरशी शिरली. टाकी रिकामी करायची, पुन्हा बियाणं वाढवायचं, म्हणजे दोन आठवडे गेले. व्हॉल्व्हवर हात ठेवला होता, तेवढ्यात बोटांना पाणी बुळबुळीत लागलं. पीएचची पट्टी बुडवली, तर सातच्या वर.

तळणी विभागात फोन केला. मुकादम सहज म्हणाला, "काल कढया कॉस्टिक सोड्याने उकळल्या ना." ते सगळं पाणी आमच्या टाकीत आलं होतं. तेल आणि कॉस्टिक एकत्र आले की काय होतं हे आमच्या आजीलाही माहीत होतं: साबण. आणि धागे? तेही यीस्टचेच. पीएच सातच्या जवळ गेला की यारोविया लंबगोल राहायचं सोडून धाग्यांनी वाढायला लागतं. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, पण टाकीपाशी उभं राहिल्यावर आठवलं नाही.

मग पातळ केलेलं सल्फ्युरिक ॲसिड थोडं थोडं, ब्लोअर चालू ठेवून सोडलं. फेस बसत गेला आणि वर पिवळट तवंग आला. साबण फुटून त्यातली फॅटी ॲसिडं पुन्हा मोकळी झाली होती, म्हणजे यीस्टचंच खाणं. तवंग काढायला मामा झारा घेऊन आले होते, त्यांना थांबवलं.

गुरुवारी पुन्हा लंबगोल पेशी दिसल्या, काहींना कळ्या फुटलेल्या. धागे पूर्ण गेले नव्हते, पण कमी झाले होते.

कॉस्टिकचं पाणी आता वेगळ्या ड्रममध्ये जातं. तरी मुकादम दर रविवारी फोन करतो, "मॅडम, सोडू का?"