होडी विकून कयाक का घेतली?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, आणि एकदाच लिहितोय. विचारणारे दोन तऱ्हेचे असतात. साताऱ्यातले विचारतात, "मासे धरायला कयाक घेऊ की होडी?" त्यांना खरोखर काहीतरी घ्यायचं असतं. कृष्णाकाठच्या माझ्या गावाकडचे विचारतात, "होडी विकून ते प्लास्टिक घेतलंस न्हवं?" त्यांना काही घ्यायचं नसतं. आजवर दोघांना दोन वेगळी उत्तरं देत आलो. खरं तर प्रश्न एकच आहे.

आधी वस्तूचं बोलू, ते सोपं आहे. कयाक म्हणजे एकट्यानं वल्हवायची अरुंद प्लास्टिकची नाव. माझी साडेदहा फूट लांब, अडीच फूट रुंद, वजन तीसेक किलो. आत पाय घालून बसायची नव्हे, वर बसायची. बुडाला आरपार भोकं असतात, वर आलेलं पाणी त्यातून आपोआप खाली जातं. एकट्यानं गाडीच्या टपावर चढवता येते, साताऱ्याजवळच्या कण्हेर धरणाच्या काठावर उतरवता येते. होडी अशी नसते. आमची सागवानी होडी पालथी करायची म्हटलं तरी गल्लीतली सहा-आठ पोरं गोळा करावी लागत. दर उन्हाळ्यात फटी बुजवा, डांबर लावा, आणि एवढं करूनही नदीत घातली की पहिले दोन दिवस एकानं डब्यानं पाणी उपसत बसायचं.

मरळ धरायची असेल तर कयाकला तोड नाही. मरळ काठच्या गवतात, बुडालेल्या बाभळीच्या खुंटांत असते आणि मधूनमधून हवा घ्यायला वर येते. ती जिथं पाणी फोडते तिथं वीतभर पाण्यातूनही कयाक सरकत जाते, आवाज न करता. वल्हं होडीच्या कडेला एकदा खट्ट वाजलं की मरळ गेली. (पावसाळ्यात पिलांचा तांबूस थवा वर दिसला तर मात्र गळ टाकू नका. खाली आई-बाप राखणीला असतात. ते सहज गळाला लागतात, आणि मग पिलं कुणाचीच राहत नाहीत.)

आता दुसरी बाजू. कयाकमध्ये दोन्ही हात वल्ह्याला अडकलेले असतात, म्हणजे वाऱ्यात एकतर वल्हवा नाहीतर मासे धरा. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर धरणावर वारा उठला की कयाकचं नाक वळतच नाही. पायानं चालवायच्या कयाक मिळतात, पण त्या महाग आणि जड. जाळं फेकता येत नाही. उभं राहू नका, व्हिडिओत कितीही उभे दिसले तरी. उलटल्यावर पाण्यातून परत वर कसं चढायचं ते काठाशी, छातीभर पाण्यात, आधी शिकून घ्या. लाइफ जॅकेट अंगात हवं, सीटखाली नको. जलाशयातल्या मासेमारीचे ठेके सहसा सहकारी संस्थांकडे असतात, त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नका. कोयनेच्या जलाशयात बामणोलीच्या पुढं वासोट्याकडचं पाणी अभयारण्यात येतं, तिथं गळ पिशवीतून काढायचाच नाही.

आणि कृष्णेत कयाक घालू नका. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ, डिग्रज या पट्ट्यात मगरी आहेत हे तिथल्या शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. फेब्रुवारीपासून त्यांचा अंडी घालायचा काळ, त्यात उन्हाळ्यानं पाणी डोहात आटलेलं. होडीत माणूस पाण्यापासून हात-दोन हात वर बसतो. कयाकमध्ये बूड पाण्याच्या पातळीला आणि पाय जवळजवळ पाण्यातच. हे मी सगळ्यांना ठासून सांगतो. म्हणून पुढचं सांगताना मला अवघड जातं.

होडी आजोबांची. ते काही मासेमारी करणारे नव्हते. आमचं निम्मं रान नदीच्या पल्याड, तिथं जायला-यायला होडी. पुढं पूल झाला आणि होडी चिंचेखाली आली. मग ती वापरायचो मी आणि अण्णा, म्हणजे माझे चुलते. रात्री वाम आणि शिंगाडा हे मासे धरायला जायचो. 2005 च्या पुरात तिनंच आमची निम्मी गल्ली शाळेत नेऊन सोडली. त्यानंतर काय? मागच्या फळ्या कुजायला लागल्या, डांबर लावायला कुणी मोकळं नाही, पोरं नोकरीला बाहेर. 2018 च्या दिवाळीत घरात विषय निघाला तेव्हा विकूया म्हणणारा मी एकटा नव्हतो. पण बोललो मीच. "पूर काय रोज येतोय?" हे वाक्य माझं. ते आता मला नातेवाइकांकडून परत ऐकायला मिळतं, माझ्याच आवाजाची नक्कल करून.

विक्रीचे चार वाटे झाले हे मात्र कुणी सांगत नाही. माझ्या वाट्यात कयाकचं वल्हंसुद्धा आलं नसतं. बाकी पैसे माझ्या पगारातले.

2019 चा ऑगस्ट तुम्हाला सांगायला नको. सांगलीत आयर्विन पुलाजवळ 45 फुटांना धोक्याची पातळी धरतात, तिथं पाणी 57 च्याही वर गेलं. अण्णांनी घराच्या भिंतीवर 2005 ची रेघ ऑइलपेंटनं मारून ठेवली होती. "रेघंच्या वर येत नसतंय," म्हणून ते आणि काकू घरातच राहिले. असं गावोगाव झालं. लोकांनी नव्या पुराला जुन्या रेघेनं मापलं. पाणी रेघेवर आलं तेव्हा रात्र होती. दोघं स्लॅबवर गेले आणि मला फोन आला तो काकूच्या इन्शुलिनसाठी. थर्मास खालच्या खोलीत राहिलेला.

मी कयाक टपावर बांधली आणि विट्याकडून फिरून पलूसला आलो. तिथून पुढं जिथवर डांबर दिसत होतं तिथवर. पाण्याच्या कडेला पोरं उभी होती. गावात एकच मशीनची बोट फिरत होती आणि ती दुसऱ्या टोकाला अडकलेली. एक पोरगा म्हणाला, "काका, ह्यात जाणार व्हय?" मी जॅकेट घातलं, इन्शुलिन बर्फासकट डब्यात घालून सीटच्या मागं बांधलं.

गावात शिरल्यावर धार कमी झाली. गल्लीतून जाताना वल्ह्याचं टोक कशाला लागतंय ते हाताला कळत होतं: पत्रा, कंपाउंडची जाळी, एकदा मोटारसायकलचं हँडल. वीज तोडलेली होती, तरी तारेखालून जाताना मान आपोआप खाली जायची. ज्या बोळातून गेलो तिथून मशीनची बोट गेलीच नसती. हे मी मुद्दाम लिहितोय. त्या दिवशी इन्शुलिन पोचलं ते कयाकमुळं.

अण्णांच्या जिन्याच्या वरच्या चार-पाच पायऱ्या तेवढ्या कोरड्या होत्या. कयाक जिन्याला लावली, दोरी कठड्याला बांधली, डबा दिला. अण्णा म्हणाले, "एकटाच आलास?" आणि माझ्या मागं बघितलं. माझ्या मागं येणार कोण?

मग मी काकूला म्हणालो, माझ्या पाठीमागं बस, हळूहळू नेतो. काकूनं नेसू खोचलं, अण्णांचा हात धरला आणि एक पाय सीटच्या मागं ठेवला. नुसता एक पाय, सगळा भार अजून पायरीवरच. कयाकचं शेपूट खाली गेलं आणि त्या बुडाच्या भोकांतून, ज्यांतून पाणी खाली जायचं असतं त्यांतून, गढूळ पाणी बुडबुडत वर यायला लागलं. माझी मांडी भिजली. काकूनं ते बघितलं आणि पाय काढून घेतला. म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाळा. ही तुझ्यापुरतीच हाय."

तिनं ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. काकू टोमणे मारत नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

मी परत निघालो. दोघं स्लॅबवर उभे होते आणि जाताना धार माझ्या बाजूची, त्यामुळं वल्हं फारसं मारावंही लागत नव्हतं. एवढ्या सहज तिथून निघून जाता येणं मला अजून सोसत नाही. दुसऱ्या दिवशी, 8 ऑगस्टला, बाहेरून आलेल्या बोटीनं दोघांना काढलं. त्याच दिवशी ब्रह्मनाळला माणसांनी खच्चून भरलेली बोट उलटली आणि लोक गेले.

होडी असती तर, असं मला सांगणाऱ्यांनी हे ब्रह्मनाळचंही ध्यानात घ्यावं. होडी असती तर अण्णा काय दोघंच बसून निघाले असते? ते गल्लीतल्या प्रत्येक घरापुढं थांबले असते. कुजक्या फळ्यांची होडी, त्या धारेत, त्यात किती माणसं भरली असती आणि नाही कुणाला म्हटलं असतं? मी रात्री हा हिशेब मांडतो तेव्हा पटतो. सकाळी पटत नाही, कारण अण्णांना होडी कळत होती. 2005 ला त्यांनी मोजूनच माणसं घेतली होती, एका म्हाताऱ्याशी भांडून त्याला मागं ठेवला होता आणि दुसऱ्या खेपेला आणला होता.

आणि ती होडी गेली कुठं? वारणाकाठच्या एका गावात. घेणाऱ्यानं मागच्या फळ्या बदलल्या आणि त्याच पुरात तिच्यातून माणसं काढली, असं नंतर कानावर आलं. मी हे गावाकडं सांगितलं तर म्हणाले, "मग बरंच झालं की." त्यातला 'बरंच' कसा उच्चारला ते लिहून दाखवता येत नाही.

अण्णांनी मला आजवर एका शब्दानं बोल लावलेला नाही. जे लावतात ते त्या आठवड्यात पुण्यात टीव्हीपुढं बसले होते.

आता जे 2018 ला कुणापुढं बोललो नाही ते. डांबर, फळ्या, वजन ही कारणं खरी होती. पण मला एकट्यानं जायचं होतं. होडी म्हटलं की दुसरा माणूस आला, त्याची वेळ आली, त्याची तंबाखू आली, मासा सुटला की त्याचं मत आलं. दिवसभर ऑफिसात माणसांच्या तोंडाकडं बघून काम करणाऱ्याला पहाटेचे तीन तास कुणी नको असेल, तर तो काही गुन्हा नाही. तेव्हाचा मी म्हणायचो, छंद एकट्याचाच असतो. मी त्याला विचारतो, मग अण्णांबरोबर दहा-पंधरा वर्षं वाम धरायला गेलास ते काय होतं? तो म्हणतो, तेव्हा दुसरं साधन नव्हतं. हे खोटं आहे असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

पुरानंतर कयाक दिवाळीपर्यंत तशीच भिंतीला टेकून होती, आत चिखल वाळलेला. मग धुतली आणि कण्हेरला नेली. पहिल्याच दिवशी मरळ लागली, चांगली दोन किलोच्या पुढची, आणि तिनं कयाकसकट मला खुंटांच्या बाहेर ओढत नेलं. आनंद झाला. झाला तो झाला.

तर साताऱ्याच्या मंडळींनो, धरणावर, गळानं, एकट्यानं जायचं असेल तर कयाक घ्या. जाळं टाकायचं असेल, बरोबर पोरगं किंवा म्हातारा बाप येणार असेल, तर फायबरची होडी घ्या, आणि ती उचलायला कोण येणार ते घेण्याआधी बघा. कृष्णेकाठी राहत असाल तर मला विचारूच नका, अण्णांना विचारा.

गावाकडच्यांना नवी बातमी देतो. थोरल्या चुलतभावानं यंदा गल्लीतून वर्गणी काढून मशीनची बोट घ्यायचं ठरवलंय. माझ्याकडं आला तेव्हा मी निम्मी रक्कम देतो म्हणालो. कयाक विकणार नाही, हेही सांगितलं. त्यावर तो काहीच बोलला नाही, फक्त मशीन किती एचपीचं घ्यायचं ते विचारलं. मी 9.9 म्हणतोय, एका माणसाला उचलून नेता येतं. तो म्हणतोय पुराच्या धारेला 15 शिवाय भागणार नाही, उचलायला माणसं मिळतील. गेल्या रविवारपासून आमचं तेवढ्यावर अडलंय.