जबड्याचे हाड आणि एका सहीसाठी गेलेले नऊ आठवडे

बावीस वर्षे मी खालची कवळी वापरली. दात गेल्यावर जबड्याचे हाड हळूहळू झिजत जाते, हे मात्र मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी स्कॅन पाहताना कळले. मागच्या बाजूस हाडाची उंची जेमतेम 7 मिलिमीटर उरली होती आणि ओठ-हनुवटीला संवेदना देणारी नस झिजलेल्या हाडाच्या माथ्यावर आली होती. भाकरी चावताना विजेसारखी कळ येत असे ती, कवळी या नसेवर दाबली जात असल्यामुळे.

कमरेचे हाड काढून जबड्यावर बसवण्याची शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन झाली. जबड्यापेक्षा कंबर अधिक दुखली आणि तीन आठवडे काठी घेऊन चालावे लागले, एवढेच.

खरा मनस्ताप पुढे झाला. असे हाड एकजीव होण्यास साधारण चार ते सहा महिने लागतात. मात्र त्यानंतर इम्प्लांट, म्हणजे कवळीला आधार देणारे धातूचे स्क्रू, हाडात बसवण्यास उशीर झाला, तर भार न पडल्यामुळे तेच हाड पुन्हा झिजू लागते. पाचव्या महिन्यात स्कॅन चांगला आला, परंतु त्या सरकारी रुग्णालयात इम्प्लांटचे साहित्य रुग्णाने विकत आणायचे होते आणि दरपत्रकावर विभागप्रमुखांची सही लागत होती. पहिल्या खेपेस साहेब परीक्षेच्या कामासाठी बाहेरगावी होते, दुसऱ्या खेपेस रजेवर, आणि तिसऱ्या खेपेस दरपत्रकाचीच मुदत संपलेली निघाली. लिपिक फाईल उघडून रिकाम्या चौकटीवर बोट ठेवत आणि म्हणत, “ताई, सही झालेली नाही, पुढच्या सोमवारी या.” एसटीने जाऊन-येऊन चार तास लागत. नव्या हाडावर दाब नको म्हणून कवळीला मनाई होती, त्यामुळे डब्यात पेज किंवा मऊ भातच असे. दरम्यान मधुमेहाचा फिटनेस दाखलाही जुना झाला आणि रक्ततपासणी पुन्हा करावी लागली. नवव्या आठवड्यात, उशिराने हाड झिजत आहे असा लेखी अर्ज मी आवक शाखेत दिला आणि त्याची शिक्क्यानिशी पोच घेतली. त्याच दुपारी सही झाली! तोंडी विनवण्यांत मी दोन महिने घालवले. अर्ज पहिल्याच आठवड्यात द्यायला हवा होता.

तोपर्यंत 2 मिलिमीटर हाड गेले होते, याचा राग अजूनही शमलेला नाही. तरीही पुढच्या भागात, दोन्ही बाजूंच्या नसांच्या मध्ये, चार इम्प्लांट बसले आणि तीन महिन्यांनी त्यांवरील पट्टीवर कवळी घट्ट अडकली.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: हाड बसवण्यास होकार देण्यापूर्वी, पुढच्या भागात आखूड इम्प्लांटवर भागेल का, हे अवश्य विचारावे. हाडांच्या ठिसूळपणावर औषध चालू असल्यास तेही पहिल्याच भेटीत सांगावे.

आता मी ज्वारीची भाकरी खाते. खालच्या ओठाचा डावा कोपरा मात्र अजून बधिर आहे. म्हणून चहाचा पहिला घोट मी उजवीकडून घेते.